हळदीने तंतू विरघळले का? शून्याव्या मिनिटाचं प्रकरण

पुण्यात पाषाण भागातल्या एका जैवरसायन प्रयोगशाळेत सांगलीच्या हळदीतून वेगळा केलेला एक पिवळा अंश तपासला जात होता. त्यात मुख्यतः कर्क्युमिन. प्रश्न सरळ होता: अल्झायमरच्या मेंदूत ज्याचे तंतू साचतात ते अ‍ॅमिलॉइड बीटा ४२ हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, या अंशासोबत ठेवलं, तर तंतू कमी होतात का? उत्तर जरा जास्तच छान आलं. तंतूंना चिकटून चमकणाऱ्या थायोफ्लेविन टी या रंगाची चमक ८७ टक्क्यांनी घटली. परिषदेसाठी गोषवारा गेला, पोस्टरचं शीर्षकही ठरलं. पुढे तो गोषवारा मागे घ्यावा लागला. का, ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे.

आधी एक खुलासा. ही प्रयोगशाळा आणि इथली माणसं काल्पनिक आहेत आणि मोजमापांचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. चुका, त्यांची कारणं आणि त्या पकडायच्या पद्धती मात्र जशाच्या तशा खऱ्या आहेत. असलं प्रकरण कुठल्याही शहरातल्या कुठल्याही प्लेट रीडरवर, म्हणजे अनेक नमुन्यांची चमक एकदम मोजणाऱ्या यंत्रावर, घडू शकतं.

मोजलं काय जात होतं

थायोफ्लेविन टी हा पिवळा रंग. अ‍ॅमिलॉइडसाठी त्याचा वापर १९५९ मध्ये व्हॅसर आणि कलिंग यांनी दाखवला. या रेणूचे दोन भाग एका बंधाभोवती फिरतात. पाण्यात ते मोकळे फिरत राहतात, घेतलेली ऊर्जा त्या फिरण्यातच जाते आणि चमक जवळपास नसते. तंतूच्या लांबीबरोबर ज्या खाचा जातात त्यांत रेणू अडकला की फिरणं थांबतं, आणि ४४० नॅनोमीटरचा प्रकाश दिला तर ४८० च्या आसपास तो जोरात चमकतो. म्हणजे यंत्र तंतू मोजत नाही. तंतूत अडकलेल्या रंगाचा जो प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचतो, तेवढाच ते मोजतं. या वाटेत कोणी आडवं आलं, तर तंतू जागच्या जागी असूनही आकडा पडतो.

मांडणी नेहमीची होती. १ मिलिग्रॅम पेप्टाइड १ मिलिलीटर ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये विरघळवून आकाराप्रमाणे रेणू वेगळे करणाऱ्या सुपरडेक्स ७५ कॉलममधून काढायचं आणि मोनोमरच्या, म्हणजे सुट्या रेणूंच्या, शिखराचा फक्त मधला भाग घ्यायचा. बफर २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, ०.२ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.४. सांद्रता २८० नॅनोमीटरवर मोजायची. इथे जपून, कारण या पेप्टाइडमध्ये ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिन एकच आहे. २० मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये जेमतेम ०.०३ येतं. बेसलाइन ०.००५ ने सरकली तरी सांद्रतेत सहावा हिस्सा चूक. त्यामुळे ज्या बफरने कॉलम चालवला तोच बफर ब्लँक, म्हणजे तुलनेचा रिकामा नमुना, म्हणून घ्यायचा, बाटलीतला ताजा नाही.

काळी, पारदर्शक तळाची, प्रथिन न चिकटणारी अर्ध्या क्षेत्रफळाची ९६ वेलची, म्हणजे खळग्यांची, प्लेट. वेलमध्ये १०० मायक्रोलीटर, पेप्टाइड ५ मायक्रोमोलर, थायोफ्लेविन टी २० मायक्रोमोलर. हा रंग तोलून घेऊ नये. भुकटीत पाणी आणि मीठ असतं, म्हणून ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून ४१२ नॅनोमीटरवर, ३६,००० हा शोषणाचा गुणांक धरून मोजावा. सगळं बर्फावर मिसळायचं, वर फिल्म लावायची, कडेच्या वेलमध्ये नुसतं पाणी ठेवायचं आणि ३७ अंशांवर न हलवता तळातून वाचन घ्यायचं. हळदीचा अंश डीएमएसओ या द्रावकात १ मिलिमोलर, वेलमध्ये २० मायक्रोमोलर. म्हणजे डीएमएसओ २ टक्के.

हळद नसलेल्या, तुलनेच्या कंट्रोल वेलमध्ये मात्र डीएमएसओ नव्हताच. पहिली चूक ही. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते सुमारे ०.२८ मोलर होतं, पेप्टाइडच्या ५६,००० पट. एवढा द्रावक तंतू बनण्याचा वेग बदलू शकतो. या प्रकरणात त्याचा वाटा लहान निघाला, पण तो निघेपर्यंत कळायला मार्ग नव्हता.

शून्याव्या मिनिटाचा आकडा

गटाच्या आलेखात प्रत्येक वेलमधून त्याचं स्वतःचं पहिलं वाचन वजा केलं होतं आणि मग सगळं कंट्रोलच्या पठाराने, म्हणजे रेष जिथे आडवी होते त्या आकड्याने, भागलं होतं. दिसायला देखणं. सगळ्या रेषा शून्यातून निघतात, कंट्रोल १०० वर जातो, हळद १३ वर अडते. नव्या प्रोजेक्ट असिस्टंटला पोस्टरसाठी आलेख पुन्हा काढायला दिला तेव्हा तिने कच्चे आकडे उघडले.

"मॅडम, शून्याव्या मिनिटाला तंतू नसतातच ना? मग हळदीच्या वेलमध्ये आकडा अर्धा का?"

कंट्रोलचं पहिलं वाचन ३,००० होतं, हळदीच्या वेलचं १,४००. प्लेट बर्फावरून नुकतीच उचललेली, अजून काहीच तयार झालेलं नाही. तरीही हळदीने निम्मं 'अडवलं' होतं. जे अस्तित्वातच नाही ते कोण अडवणार?

कच्च्या आलेखात दुसरीही खूण होती. कंट्रोल ४२,००० च्या पठारावर गेला, हळदीची रेष ६,३०० वर थांबली, पण अर्ध्या उंचीला पोचायला दोघांना सारखाच वेळ लागला, साधारण ७० मिनिटं. तंतूची सुरुवात किंवा वाढ खरोखर रोखली गेली, तर बहुतेक वेळा रेष उजवीकडे सरकते. नुसतं पठारच खाली आलं आणि वेळ हलला नाही, तर आधी प्रकाशावर संशय घ्यावा, मग प्रथिनावर.

प्रकाशाचा हिशेब

कर्क्युमिनचं शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. थायोफ्लेविनला चमकवायला लागणारा ४४० चा प्रकाश नेमका तिथेच येतो. वाटेतच तो कर्क्युमिन खातं, आणि ४८० ला परत येणाऱ्या चमकेतलाही थोडा हिस्सा घेतं. यालाच इनर फिल्टर परिणाम म्हणतात. दिव्यासमोर पिवळा काचकागद धरल्यासारखं.

हे मोजायला पाच मिनिटं पुरतात. त्याच प्लेटमध्ये, त्याच आकारमानात ४४० आणि ४८० वर शोषण घ्यायचं. शून्याव्या मिनिटाला ०.४६ आणि ०.१८ आलं. दोन्हींची बेरीज ०.६४, निम्मं ०.३२, आणि १० चा ०.३२ वा घात म्हणजे २.०९. कंट्रोलचे ३,००० भागिले २.०९ म्हणजे १,४३५. वेलमध्ये मिळाले होते १,४००. पहिल्या वाचनातली घट सगळीच्या सगळी इथे संपली.

पठारावर शोषण ०.४१ आणि ०.१६ पर्यंत उतरलं होतं, म्हणून गुणक १.९३. ६,३०० चे झाले साधारण १२,१५०. बेसलाइनही दुरुस्त करून वजा केली तर कंट्रोलच्या ३९,००० समोर ९,२०० उरतात. ८७ टक्क्यांची घट ७६ वर आली. हे सूत्र मुळात क्युव्हेटसाठीचं आहे. तळातून वाचणाऱ्या प्लेटला ते अदमासे लागू पडतं, आणि बेरीज ०.६ च्या वर गेली की त्यावर फार भिस्त ठेवू नये. प्रकल्प वाचवायला हे सूत्र वापरू नका. संशय किती घ्यायचा ते ठरवायला वापरा.

शोषण दोनदा का घ्यायचं? कर्क्युमिन या पीएचला टिकत नाही. प्रथिनाविना, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं, ही जुनी आणि पक्की नोंद आहे. तंतूला चिकटलेलं किंवा कणांत गोळा झालेलं कर्क्युमिन जास्त टिकतं. म्हणून प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या वेलचा पिवळेपणा वेगवेगळ्या वेगाने उतरतो, आणि 'नुसत्या हळदीचा ब्लँक' तीन तासांनी वजा करायच्या लायकीचा राहत नाही.

तयार तंतूंवर दोन मायक्रोलीटर

उरलेली ७६ टक्के घट खरी की खोटी? यासाठीचा प्रयोग अगदी स्वस्त आहे. कंट्रोल पठारावर गेल्यावर ९८ मायक्रोलीटर तयार तंतूंत १ मिलिमोलर अर्काचे २ मायक्रोलीटर टाकायचे, शेजारच्या वेलमध्ये नुसता डीएमएसओ तेवढाच. टिपने दोनदा हळू वरखाली करायचं, फेस येऊ द्यायचा नाही, आणि लगेच वाचायचं.

डीएमएसओच्या वेलमध्ये ४०,५०० आलं. हळदीच्या वेलमध्ये दोन मिनिटांत ७,०००.

अ‍ॅमिलॉइडचे तंतू सोडवायला तीव्र ग्वानिडीन किंवा फॉर्मिक आम्ल लागतं. २० मायक्रोमोलर हळदीने ते दोन मिनिटांत नाहीसे होत नाहीत. इथे विरघळण्याला वेळच मिळाला नव्हता. प्रकाश खाल्ला गेला, आणि त्यासोबत आणखी दोन गोष्टी झाल्या. कर्क्युमिनचा रेणू सपाट आणि लांबट, तोही त्याच खाचांत बसतो आणि थायोफ्लेविनला उठवतो. शिवाय शेजारी बसला तर थायोफ्लेविनची ४८० ची ऊर्जा प्रकाश न होता सरळ कर्क्युमिनकडे जाते, कारण एकाची चमक आणि दुसऱ्याचं शोषण एकमेकांवर पडतं. हे नुकसान कुठल्याही शोषणाच्या गणिताने भरून निघत नाही. कर्क्युमिनसारख्या रंगीत, सपाट पॉलिफेनॉलची तपासणी केवळ थायोफ्लेविनवर करू नये, याचं मुख्य कारण हे.

तंतूंचं वजन करायचं तर

रंग बाजूला ठेवून प्रथिन मोजायला हवं. दोन वेल एकत्र करून २०० मायक्रोलीटर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे: १,००,००० जी (गुरुत्वाच्या तितके पट), एक तास, २० अंश. नळी आधी पेनने खुणावून ठेवायची, नाहीतर पारदर्शक गाळ कुठल्या भिंतीला आहे ते सापडत नाही. वरचे १०० मायक्रोलीटर काढायचे, तळाला टिप लावायची नाही.

आता वरच्या द्रावणातलं प्रथिन मोजायचं कसं? २८० वर नाही, कर्क्युमिन तिथेही शोषतं. प्रथिन मोजायच्या बीसीए किटने नाही, त्यातल्या तांब्यामुळे; कर्क्युमिन तांब्याला स्वतःच क्षपित करतं आणि प्रथिन जास्त दाखवतं. एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, २१४ नॅनोमीटरला, सी ४ कॉलम ६० अंशांवर ठेवून. थंड कॉलमवर या पेप्टाइडचं शिखर पसरतं आणि पुढच्या इंजेक्शनमध्येही डोकावतं, म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये एक रिकामी धाव. गाळ ७० टक्के फॉर्मिक आम्लात सोडवून तोही मोजायचा. वरचं आणि खालचं मिळून मूळच्या ८० टक्क्यांहून कमी भरलं, तर प्रथिन नळीला चिकटलं आहे असं समजून पुन्हा करायचं.

कंट्रोलमध्ये वर ४ टक्के राहिलं, हळदीसोबत ९ टक्के. गाळात ९६ विरुद्ध ९१. तीन वेळा केल्यावर हा फरक एकमेकांच्या विखुरणीत हरवला. ८७ टक्क्यांची गोष्ट इथे ५ वर येऊन बसली.

या पायरीतही एक सापळा आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. हळदीच्या नळीत तळाला पिवळा ठिपका होता. "बघा, तंतूला चिकटलंय" असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण प्रथिन न घातलेल्या नळीतही तसाच ठिपका, जरा फिका, होता. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. डीएमएसओतून बफरमध्ये पडलं की त्याचे बारीक कण होतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तेही बसतात. विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार सांगणाऱ्या डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर नुसत्या अर्काने काही शे नॅनोमीटरचे कण दाखवले. असे कण प्रथिनांना पृष्ठभागावर ओढून घेतात आणि वाटेल त्या चाचणीत 'इन्हिबिटर', म्हणजे क्रिया अडवणारा पदार्थ, म्हणून मिरवतात. एन्झाइमच्या चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून असे कण पकडतात. इथे ते सरळ चालत नाही, डिटर्जंट पेप्टाइडचीच गाठ बांधण्याची सवय बदलतं. म्हणून आधी १६,००० जी वर १५ मिनिटं फिरवून पिवळं खाली बसतं का, एवढं बघावं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने संशय उरू दिला नाही. कार्बन लावलेल्या तांब्याच्या ग्रिडवर ५ मायक्रोलीटर, एक मिनिट, मग पाण्याचे दोन थेंब, मग २ टक्के युरेनिल अ‍ॅसिटेट ३० सेकंद. पाण्याने धुणं वगळलं तर फॉस्फेट आणि युरेनिल मिळून साका तयार होतो आणि चित्रभर काळे खडे दिसतात. पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं, आणि सूक्ष्मदर्शीचा पुढचा स्लॉट नऊ दिवसांनी मिळाला. नीट धुतलेल्या ग्रिडवर दोन्ही नमुन्यांत लांब, न फाटलेले तंतू होते. हळदीच्या नमुन्यात ते जरा जास्त जुडग्यांनी पडले होते, त्यापुढे काही नाही. सूक्ष्मदर्शीवरून 'किती' हे ठरवू नये. ग्रिडच्या एका घरात जंगल असतं, शेजारच्यात माळरान.

पडताळा म्हणून नाइल रेड हा दुसरा चमकणारा रंग वापरला. ५५० ला चमकवून ६४० च्या आसपास वाचायचा. तिथे कर्क्युमिन शोषत नाही. हळदीचं पठार कंट्रोलच्या ०.९ पट आलं. मात्र नाइल रेड कर्क्युमिनच्या कणांतही शिरतो, म्हणून प्रथिनाविना अर्काचा ब्लँक लागतोच.

जाता जाता: चोवीस तासांची धाव बुधवारी संध्याकाळी लावू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहायची ती बहुधा गुरुवारी. जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद यूपीएसने सांभाळले, पण संगणकाचा रीडरशी संपर्क तुटला आणि प्लेट तासन्‌तास तापमानाशिवाय पडून राहिली. रीडरसोबत संगणकही त्याच यूपीएसवर हवा.

मग उरलं काय?

उरलं ते वेगळ्या कामाचं होतं. थायोफ्लेविनला जागेवरून उठवणारा रेणू तंतूला नक्की बसतो. चाचणीत जो गुन्हा, तोच प्रोबमध्ये, म्हणजे तंतूला बसून तो दाखवून देणाऱ्या रेणूमध्ये, गुण. थायोफ्लेविन टी मेंदूच्या चित्रणात चालत नाही, कारण त्याच्या नायट्रोजनवर धन प्रभार आहे आणि रक्त-मेंदू अडथळा तो ओलांडत नाही. पिट्सबर्गमध्ये क्लंक आणि मॅथिस यांनी तो प्रभार काढून टाकला. बांधणीही घट्ट झाली आणि रेणू मेंदूत शिरला. पिट्सबर्ग कंपाउंड बी नावाने २००४ मध्ये त्याची रुग्णांवरची पहिली पेट चित्रं (किरणोत्सर्गी खुणेवरून शरीराच्या आतलं दाखवणारी) छापली गेली. त्यात कार्बन-११ असतो, अर्धायू २० मिनिटं. पाषाणला तयार करून संध्याकाळच्या गर्दीत तासाभराने हडपसरला पोचवला तर आठवा हिस्सा उरेल. म्हणून असा किरणोत्सर्गी कार्बन बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात लागतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायू ११० मिनिटं, म्हणून पुढचे प्रोब, २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेला फ्लोरबेटापिर धरून, त्याच्यावर बेतले गेले.

पाषाणातलीच चूक पेटमध्येही होते, फक्त जास्त महागात पडते. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या टाउ या दुसऱ्या प्रथिनासाठी बनवलेला टीएचके-५३५१ हा प्रोब मोनोअमाइन ऑक्सिडेज बी या एन्झाइमलाही बसतो असं निघालं. ते एन्झाइम अडवणाऱ्या सेलेजिलिनची १० मिलिग्रॅमची एक मात्रा दिल्यावर रुग्णांमधला सिग्नल एक तृतीयांश ते निम्म्याने घसरला. टाउ तर जागेवरच होतं.

नुसतं कर्क्युमिन शिरेतून द्यायचा प्रोब म्हणून कच्चंच आहे, टिकत नाही म्हणून. त्याला बोरॉन डायफ्लुओराइड जोडून चमक जवळच्या अवरक्तात नेणारे क्रॅनाड-२ सारखे रेणू २००९ पासून आहेत. काचपट्टीवर मात्र साधं कर्क्युमिनही चालतं, आणि गटाने तोच रस्ता धरला. क्रमाला महत्त्व आहे: प्लाक, म्हणजे साचलेल्या तंतूंचे डाग, असलेल्या उंदराच्या मेंदूच्या ३० मायक्रॉन कापावर आधी ७० टक्के फॉर्मिक आम्ल ५ मिनिटं, मग अमिलॉइड बीटा ओळखणारं ६ई१० प्रतिपिंड, त्याला बसणारं दूर लाल रंगाचं दुय्यम प्रतिपिंड, आणि सगळ्यात शेवटी कर्क्युमिन. हिरव्या रंगाचं दुय्यम घेतलं तर कर्क्युमिनची चमक त्यात सांडते आणि दोन्ही जुळल्यासारखे दिसतात.

पहिल्या काचपट्टीवर प्लाक चमकले आणि त्यांच्याभोवती पेशींच्या आत पिवळे दाणेही. ते दाणे लायपोफसिनचे, म्हणजे वयासोबत पेशींत साचणाऱ्या रंगद्रव्याचे. म्हाताऱ्या मेंदूत ते रंग न लावताच चमकतात. ७० टक्के अल्कोहोलमधलं ०.१ टक्के सुदान ब्लॅक बी त्यांना झाकतं. ते कर्क्युमिनच्या आधी लावायचं, नंतर लावलं तर अल्कोहोल कर्क्युमिनही धुऊन नेतं. त्याच वयाच्या साध्या उंदराचा काप, रंग लावून एक आणि न लावता एक, प्रत्येक वेळी सोबत हवा.

गटाच्या प्लेटचा नकाशा आता वेगळा आहे. प्रत्येक रंगीत नमुन्यामागे बारा वेल आधीच राखीव: प्रथिनासह आणि प्रथिनाविना, डीएमएसओ दोन्हीकडे सारखा, प्रत्येकी तीन थायोफ्लेविनचे आणि तीन नाइल रेडचे. शोषणाचं वाचन पहिल्याच मिनिटाला. आलेख काढताना कच्चे आकडे डावीकडच्या रकान्यात तसेच राहतात, वजाबाकी उजवीकडे.